पाळण्यातले पाय आणि पहिल्या फेरीची निवड

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी मराठीत म्हण आहे. कन्नडमध्येही ‘बेळेयुव सिरि मोळकेयल्ली’, म्हणजे वाढणाऱ्या पिकाचे वैभव कोंबातच दिसते, असे म्हणतात. दोन्ही भाषांतील शहाण्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली, त्या अर्थी ती खरीच असली पाहिजे असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. परंतु एका परक्या खेळाच्या नादाने या म्हणीविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झाली. तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि ज्यांच्यामुळे ही शंका आली ते म्हणजे त्या खेळातील ‘फसलेले’ म्हणून हिणवले गेलेले काही धिप्पाड गडी.

माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त न्यू जर्सी येथे राहतो. तो गणपतीला घरी आला होता. आरती आटोपल्यावर सगळे जेवायला बसले, तरी हा मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेला. मी विचारले, “दादा, काय बघायलास एवढं?” तो म्हणाला, “हा आमचा टॅकल बघ. पहिल्या फेरीत सातव्या नंबरवर घेतला, आणि समोरचा माणूस खुशाल आत सोडायलाय. वाया गेला बघ हा गडी!”

‘वाया गेला’ हे शब्द माझ्या मनाला लागले. का लागले ते शेवटी सांगेन. पण एवढा मोठा, पगारी, निवडून घेतलेला माणूस वाया जातो म्हणजे नेमके काय होते, आणि ते कोणी व कसे ठरवायचे, हे समजून घेण्याची मला उत्सुकता वाटली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडण्याची खोडही होतीच. त्यातून जे समजले ते या लेखात मांडत आहे.

खेळ आणि त्यातील पाच पहारेकरी

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू मैदानावर असतात. चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातानेच खेळवतात. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. तेवढे साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असे करीत करीत मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचे.

या हल्ल्याचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू हाती घेतो आणि दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा किंवा द्यायचा ते ठरवतो. त्या दोन-तीन सेकंदांत प्रतिपक्षाचे गडी त्याला लोळवण्यासाठी धावून येतात. त्यांना थोपवून धरणारी पाच जणांची भिंत क्वार्टरबॅकच्या पुढे उभी असते. तीच ‘ऑफेन्सिव्ह लाइन’. मधला तो सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस दोन गार्ड आणि अगदी कडेला दोन टॅकल. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याची पाठ डावीकडे वळलेली असते. म्हणून डाव्या टॅकलची जागा विशेष जोखमीची समजतात, कारण तिकडून येणारा वार क्वार्टरबॅकला दिसतच नाही.

कबड्डी खेळलेल्यांना टॅकल व गार्ड यांतील फरक लवकर समजेल. कोपऱ्यावरच्या गड्याला मोकळ्या जागेत चपळाईने पाय टाकावे लागतात, तर मधल्या गड्याला गर्दीत ताकद लावावी लागते. टॅकलचे काम कोपऱ्यावरच्या गड्यासारखे. त्याच्यासमोर वेगवान माणूस वळसा घालून येतो. गार्डच्या दोन्ही बाजूंस आपलीच माणसे असतात. त्याला थोड्या जागेत, पण जबर धक्का सोसावा लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व आहे.

ड्राफ्ट म्हणजे काय?

आपल्याकडे आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक संघटनेत महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे बर्ट बेल यांच्या सूचनेवरून ही पद्धत सुरू झाली आणि पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. तत्त्व असे की मागील हंगामात जो संघ सर्वांत मागे पडला त्याने सर्वांत आधी निवड करायची आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. दुबळ्याला बळ मिळावे हा हेतू. आज या संघटनेत बत्तीस संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. खेळाडूला संघ निवडण्याचा अधिकार नसतो. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जायचे.

गंमत अशी की पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बरवँगर हा या संघटनेत एकही सामना खेळला नाही. निवड आणि फळ यांची फारकत अशी पहिल्या दिवसापासूनच सुरू झाली.

पहिल्या फेरीत निवड होणे हा मोठा मान. पण तो मान पुढे त्या खेळाडूच्या गळ्यातील लोढणेही होतो. सहाव्या फेरीतला गडी चमकला नाही तर कोणाला आठवतही नाही. पहिल्या फेरीतला चमकला नाही तर त्याचे नाव फसलेल्यांच्या याद्यांत वर्षानुवर्षे छापले जाते.

ज्याच्या नावावर धावा नसतात

फलंदाजाचे मूल्यमापन सोपे असते. धावा लिहिलेल्या असतात. क्वार्टरबॅकचेही तसेच, किती चेंडू अचूक गेले, किती यार्ड मिळाले, सारे मोजलेले. पण ऑफेन्सिव्ह लाइनच्या गड्याच्या खात्यावर जमेची बाजू जवळजवळ कोरीच असते. त्याने साठ वेळा माणूस अडवला तर ते त्याचे कर्तव्यच. एकदा माणूस सुटला आणि क्वार्टरबॅक आडवा झाला, किंवा याने समोरच्याला धरून ठेवल्याबद्दल दंड झाला, तर मात्र लगेच नोंद. म्हणजे ज्या खात्यात फक्त नावेच पडते त्या खात्यावरून माणसाची पत ठरवायची! आता प्रत्येक चालीचे चित्रीकरण पाहून गुण देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. पण त्यांनाही संघाने त्या चालीत कोणाला कोणते काम दिले होते याचा पुष्कळदा अंदाजच करावा लागतो.

शिवाय ही पाच जणांची साखळी आहे. शेजारचा गार्ड चुकला तर दोष टॅकलवर येतो. क्वार्टरबॅकने चेंडू फार वेळ हातात ठेवला तरी भिंतच पडली असे दिसते.

मग निवड करणारे पाहतात तरी काय? दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास इंडियानापोलिस येथे महाविद्यालयीन खेळाडूंची परीक्षा होते. उंची, वजन आणि हाताची लांबी मोजतात. चाळीस यार्ड धावायला लावतात. २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलतो ते पाहतात. यांपैकी बरेचसे मोजण्यासारखे आहे म्हणून मोजले जाते, उपयोगी आहे म्हणून नव्हे. सामन्यात ऑफेन्सिव्ह लाइनचा गडी सरळ चाळीस यार्ड धावण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

फसण्याचे निरनिराळे प्रकार

मी अशा फसलेल्या निवडींच्या कथा वाचू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की ‘फसला’ या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न प्रकारची प्रकरणे कोंबलेली आहेत. हिशेबात सर्व तोटा एका ओळीत लिहून चालत नाही; आगीने झालेला तोटा वेगळा, चुकीच्या खरेदीने झालेला वेगळा. तसेच येथेही वर्गीकरण हवे.

पहिला प्रकार मापच खोटे असण्याचा. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टोनी मँडरिच. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा हा टॅकल १९८९ च्या ड्राफ्टमध्ये ग्रीन बे पॅकर्स संघाने दुसऱ्या क्रमांकावर घेतला. तीनशे पौंडांहून अधिक वजन, त्यावर धावपटूचा वेग. ड्राफ्टपूर्वी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला होता. पण पॅकर्सकडे तीन हंगाम खेळूनही त्याचा प्रभाव पडला नाही. पुढे २००८ साली त्याने स्वतःच कबूल केले की महाविद्यालयात असताना तो स्टेरॉइड घेत होता. म्हणजे परीक्षकांनी ज्या शरीराचे माप घेतले ते मुळात उसने होते. त्या वर्षी पहिल्या पाचांत निवडलेले बाकीचे चौघे, म्हणजे ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, पुढे या खेळाच्या सर्वोच्च सन्मानाचे, हॉल ऑफ फेमचे, मानकरी झाले. एकट्या मँडरिचला तो मान मिळाला नाही, म्हणून त्याचे नाव आजही घेतात. याच मँडरिचने व्यसनातून बाहेर पडून १९९६ ते १९९८ अशी तीन वर्षे इंडियानापोलिस कोल्ट्स संघात पुन्हा जागा मिळवली, ही गोष्ट मात्र याद्यांत सहसा नसते.

दुसरा प्रकार माप खरे, पण अपुरे असण्याचा. ग्रेग रॉबिन्सन हा ऑबर्न विद्यापीठाचा टॅकल. वजन ३३२ पौंड, आणि चाळीस यार्ड अंतर त्याने ४.९२ सेकंदांत कापले. २०१४ साली रॅम्स संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पण ऑबर्नचा संघ प्रामुख्याने चेंडू घेऊन धावणारा होता. त्यामुळे पुढे झेपावून माणूस रेटण्याचा त्याला सराव होता. मागे सरकत क्वार्टरबॅकचे रक्षण करण्याचा फारसा नव्हता. व्यावसायिक संघात नेमके तेच लागते. तीन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, रॅम्सने त्याला सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकले. यात रॉबिन्सनची ताकद खोटी नव्हती. पेपर एका विषयाचा घेतला आणि नेमणूक दुसऱ्या विषयासाठी केली, असे झाले.

तिसरा प्रकार दैवाचा. ल्यूक जेकेल याला जॅक्सनव्हिल संघाने २०१३ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडले. डाव्या टॅकलची जागा आधी दुसऱ्याकडे होती. ऑक्टोबरमध्ये ती जेकेलला मिळाली आणि त्या जागेवरील पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. त्याच वर्षी सातव्या क्रमांकावर घेतलेला जोनाथन कूपर तर हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या सराव सामन्यात पाय मोडून बसला. २००९ सालचा दुसऱ्या क्रमांकाचा टॅकल जेसन स्मिथ याला डोक्याला बसलेल्या मारांनी ग्रासले. यांपैकी कोणाला निवडताना निवड करणाऱ्याने काय चूक केली म्हणायची? मालाची पारख करून गाडी भरली आणि वाटेत पूल वाहून गेला, यात पारख करणाऱ्याचा दोष नाही.

चौथा प्रकार अगदी वेगळा. २०२० साली टेनेसी टायटन्सने एकोणतिसाव्या क्रमांकावर घेतलेला आयझया विल्सन हा त्यांच्याकडून एका सामन्यात अवघ्या चार चाली खेळला. मैदानाबाहेरील आयुष्याची घडी बसली नाही. पुढील मार्चमध्ये त्याला मायामीकडे दिले आणि त्यांनीही काही दिवसांतच त्याला मुक्त केले. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हाती एकाएकी पैसा आणि एकटेपणा आला म्हणजे काय होऊ शकते, याचे माप कोणत्याही घड्याळाने घेता येत नाही. अशा माणसाची थट्टा करणाऱ्या याद्या मला वाचवत नाहीत.

जागा चुकलेले गडी

पाचवा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे माणूस ठीक, पण जागा चुकीची.

रॉबर्ट गॅलरी हा आयोवा विद्यापीठाचा टॅकल. ओकलंड रेडर्स संघाने २००४ साली त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि टॅकलच्या जागी उभे केले. वेगवान माणसे त्याला वळसा घालून जाऊ लागली. लोक ‘फसला’ म्हणू लागले. २००७ मध्ये त्याला एक घर आत, डाव्या गार्डच्या जागी, सरकवले. माणूस तोच आणि ताकदही तीच. फरक एका जागेचा. तेथे तो कित्येक हंगाम भरवशाचा गडी म्हणून टिकला.

एरिक फ्लॉवर्स हा न्यूयॉर्क जायंट्सने २०१५ साली नवव्या क्रमांकावर घेतलेला टॅकल. तीन वर्षे टीका सोसून २०१८ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. २०१९ मध्ये वॉशिंग्टनने त्याला गार्ड केले, आणि २०२० मध्ये मायामीने त्याच्याशी तीन वर्षांचा तीन कोटी डॉलरचा करार केला. ज्याला एकाने भंगारात काढले त्याला दुसऱ्याने एवढी किंमत दिली!

मिकाय बेक्टन याची कथा तर याहून बोलकी आहे. ३६४ पौंड वजनाच्या या गड्याला २०२० साली न्यूयॉर्क जेट्सने अकराव्या क्रमांकावर निवडले. २०२१ मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. २०२२ चा सबंध हंगाम बुडाला. दोनच जागा मागे, तेराव्या क्रमांकावर, टँपा बे संघाने घेतलेला ट्रिस्टन विर्फ्स पहिल्याच वर्षी विजेत्या संघात खेळला. त्यामुळे बेक्टनच्या नावापुढे ‘चूक’ हा शब्द पक्का चिकटला. २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतले, जेफ स्टाउटलंड या मुरब्बी प्रशिक्षकाच्या हाताखाली उजवा गार्ड केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यातील विजेत्या संघाचा गार्ड होता.

या तिघांच्या बाबतीत एक प्रश्न मनात येतो. जागा बदलण्याचा साधा उपाय करायला एवढी वर्षे का लागली? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर वाणिज्याच्या पुस्तकात आहे.

बुडीत खर्च आणि संधी खर्च

आम्हाला कॉस्टिंगमध्ये बुडीत खर्च शिकवतात. जो पैसा खर्च होऊन गेला आणि परत येणार नाही, त्याचा विचार पुढील निर्णयात करू नये, असा नियम. परीक्षेत हा नियम सगळेच लिहितात. व्यवहारात तो पाळणे अवघड. संघाने दुसऱ्या क्रमांकाची निवड टॅकलवर खर्च केलेली असते. डाव्या टॅकलला बाजारात मोठी किंमत असते, गार्डला सामान्यतः कमी. त्याला गार्ड करणे म्हणजे ‘आम्ही महागाचा माल घेऊन स्वस्त कामाला लावला’ अशी जाहीर कबुली. ती टाळण्यासाठी त्याला चुकीच्या जागी उभा ठेवतात आणि तोटा वाढवतात. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या अभ्यासकांनी १९९५ साली अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की जो खेळाडू ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडला गेला त्याला, खेळ सारखाच असला तरी, मैदानावर अधिक वेळ मिळतो. किंमत मोजली म्हणून खेळवायचे! फुटबॉलवाले याहून निराळे असतील असे मला वाटत नाही.

दुसरी संज्ञा संधी खर्च. एक वस्तू घेताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मूल्य. रॉबिन्सनला घेतले त्या २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कलील मॅक पाचव्या आणि झॅक मार्टिन हा लाइनचाच गडी सोळाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होते. या हिशेबाने रॅम्सचा तोटा प्रचंड दिसतो. पण त्याच रॅम्सने त्याच दिवशी तेराव्या क्रमांकावर ॲरन डोनाल्ड याला निवडले, जो पुढे त्याच्या पिढीतील अव्वल बचावपटू ठरला. तेच परीक्षक, तीच पद्धत, तोच दिवस. एक निवड मातीमोल, एक सोन्याची. मग त्यांना मूर्ख म्हणायचे की शहाणे?

फिलाडेल्फिया ईगल्सचे २०११ सालचे उदाहरण असेच आहे. पहिल्या फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर, त्यांनी डॅनी वॉटकिन्स याला घेतले. हा कॅनडाचा, अग्निशमन दलात काम केलेला आणि वयाने सव्वीस वर्षांचा. दोन हंगामांनंतर २०१३ मध्ये त्याला सोडून दिले. त्याच ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर, त्याच संघाने जेसन केल्सी नावाचा सेंटर घेतला. तो तेरा हंगाम खेळला आणि सहा वेळा आपल्या जागेवरचा सर्वोत्तम म्हणून गौरवला गेला. वॉटकिन्स पुन्हा अग्निशमन दलात गेला. लोकांची घरे वाचवणारा माणूस ‘फसलेला’ म्हणून ओळखला जावा, हे मला विचित्र वाटते.

रिचर्ड थेलर हे पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले विद्वान. त्यांनी केड मॅसी यांच्यासह या ड्राफ्टचाच अभ्यास केला, आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. संघ आपापसांत निवडीचे क्रमांक बदलून घेतात. त्यासाठी एक कोष्टक रूढ आहे. डॅलस काउबॉइज संघाने १९९० च्या दशकारंभी वापरात आणलेल्या त्या कोष्टकात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तर बत्तिसाव्याला फक्त ५९०. मॅसी आणि थेलर यांनी दाखवले की संघ वरच्या क्रमांकांना वाजवीपेक्षा फार अधिक किंमत देतात. एकाच जागेचे दोन खेळाडू पाठोपाठ निवडले गेले, तर आधीचा नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच अधिक असते! म्हणजे पाळण्यातले पाय पाहणाऱ्यांना पाय दिसतात हे खरे. पण दिसतात त्याहून फार स्पष्ट दिसल्याचा त्यांचा समज असतो.

पूर्वी वरच्या क्रमांकांचे करार अवाढव्य असत. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. २०११ मध्ये नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली आणि त्या वर्षीच्या कॅम न्यूटनचा करार चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांचा झाला. तेव्हा फसलेल्या निवडीचा पैशातील तोटा आता घटला आहे. नावाचा तोटा मात्र तेवढाच राहिला आहे, आणि तो संघापेक्षा खेळाडूच सोसतो.

मूल्यमापन कसे करावे?

एवढ्या विवेचनानंतर मी स्वतःपुरती प्रश्नांची एक मालिका तयार केली आहे. निवड फसली असे म्हणण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, निवडीच्या दिवशी जे माहीत होते त्यावरून ती निवड योग्य होती काय? आज जे माहीत आहे त्यावरून नव्हे. दुसरा, दुखापतीचा भाग किती? तो वेगळा काढावा. तिसरा, ज्या कामाची परीक्षा घेतली तेच काम त्याला दिले काय? चौथा, त्याला योग्य जागा, शिक्षक आणि वेळ मिळाला काय? पाचवा, त्याच वेळी दुसरा कोण मिळण्यासारखा होता, आणि त्याचे मोठेपण त्या दिवशी खरोखरच कोणाला दिसत होते काय? २०१३ साली चौथ्या फेरीत, १०९ व्या क्रमांकावर, निवडलेला डेव्हिड बाख्तियारी पुढे आघाडीचा डावा टॅकल झाला. पण पहिल्या तीन फेऱ्यांत एकाही संघाने त्याला घेतले नव्हते.

या पाचांची उत्तरे मांडली की दिसते, ‘निवड फसली’ आणि ‘माणूस फसला’ या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिली निवडणाऱ्याच्या वहीत लिहायची असते. आपण ती सरसकट दुसऱ्याच्या वहीत लिहून मोकळे होतो.

आता माझ्याविषयी थोडेसे

प्रारंभी म्हटले होते की दादाचे ‘वाया गेला’ हे शब्द मला लागले. त्याचे कारण सांगतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. दहावीला गुण चांगले पडले. घरी पेढे वाटले, शाळेच्या फळ्यावर नाव लागले. एवढे गुण म्हणजे विज्ञानच, असे सर्वांनी ठरवले. मीही नाही म्हटले नाही. पीयूसीच्या पहिल्या वर्षी वर्गात सारे इंग्रजीतून. भौतिकशास्त्राचे सर फळ्यावर लिहीत आणि मी वहीत उतरवून घेई. समजत काहीच नव्हते. वर्षाच्या शेवटी दोन विषयांत नापास झालो. पेढे खाल्लेल्या लोकांनीच मग ‘मुलगा वाया गेला’ असे म्हटले. एक वर्ष गेले ते गेलेच, असे म्हणून वडिलांनी मला वाणिज्य शाखेत घातले. त्यांना कॉस्टिंग माहीत नाही. पण बुडीत खर्च मागे टाकण्याचा नियम माझ्या माहितीत त्यांनीच सर्वांत चांगला पाळला. शेजारच्या जागेवर सरकल्यावर मला श्वास घेता आला. इंग्रजीही हळूहळू जमले.

मी काही बेक्टन नव्हे, आणि माझ्या अंतिम सामन्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. पण दर वर्षी निकाल लागले की आपल्या गावोगावी असा एक ड्राफ्टच होतो. टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने मुलांना विज्ञान, वाणिज्य, कला अशा जागा वाटल्या जातात, आणि मग कोणी अडखळला की माप घेणाऱ्याला कोणी विचारत नाही; मापलेल्याच्या कपाळी शिक्का बसतो. आपल्या वर्गातही असे दोघे-तिघे शेवटच्या बाकावर बसलेले असतील. त्यांना वाया गेलेले म्हणण्यापूर्वी वरील पाच प्रश्न आपण विद्यार्थ्यांनी आणि आमच्या गुरुजनांनीही एकदा विचारून पाहावेत, एवढीच विनंती.

दादा परत गेल्यानंतर मी त्याला फोनवर गॅलरी, फ्लॉवर्स आणि बेक्टन यांच्या कथा ऐकवल्या. तो न्यू जर्सीत राहून जायंट्सचा कैवारी, त्यामुळे फ्लॉवर्सचे नाव काढताच चिडला. पण शेवटी म्हणाला, “म्हणजे आमच्या त्या गड्याला पण एक घर आत घालून बघायला पाहिजे म्हणतोस?” मी म्हटले, “बघा की. पैसे तर गेलेतच.”